दाराजवळचं कपाट आधी का कुजतं?

एकाच घरात, एकाच सुताराकडून, एकाच दुकानातल्या प्लायवूडची दोन कपाटं करून घेतलेली असतात. एक झोपायच्या खोलीत कपड्यांसाठी, दुसरं मुख्य दाराशी चपला, बूट, छत्र्या आणि रेनकोटांसाठी. दहा वर्षांनी पहिल्याची दारं अजून सरळ बसतात. दुसऱ्याचा तळाचा कोपरा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातच फुगलेला असतो, सनमायका कडेनं उचललेला असतो, दार खाली घासत असतं आणि उघडलं की कुबट वास अंगावर येतो. घरचे म्हणतात, प्लायवूड हलकं निघालं. सुतार म्हणतो, पाणी लागलं. दुकानदार बिल दाखवून म्हणतो, वॉटरप्रूफच दिलं होतं. गंमत अशी की यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. दोन्ही कपाटं एकाच पद्धतीनं बांधली, यातच त्या बिघाडाचं मूळ आहे. कपड्यांच्या कपाटात कोरड्या वस्तू जातात आणि कोरड्याच बाहेर येतात. दाराजवळच्या कपाटात मात्र रोज पाणी आत जातं. त्या पाण्यानं कुठून शिरायचं आणि कुठून बाहेर पडायचं, याचा विचार बांधतानाच केला नाही, तर वरून कितीही भारी रंग लावला तरी तो कपाट वाचवू शकत नाही.

पडवी गेली, तिचं काम राहिलं

कोकणातल्या जुन्या घरांत या कामासाठी कपाट नव्हतंच. उतरत्या छपराची पुढे आलेली कड आणि तिच्याखालची, निदान एका बाजूनं उघडी असलेली पडवी हीच ओल्या सामानाची जागा होती. इरलं, घोंगडी, छत्री, कोयता, वहाणा सगळं तिथंच टांगलेलं किंवा टेकवलेलं असायचं. पाय धुऊन माणूस आत यायचा आणि ओल बाहेरच राहायची. या रचनेत दोन गोष्टी होत्या. खालची जमीन भिजली तरी बिघडत नव्हतं, आणि टांगलेल्या वस्तूच्या चारही बाजूंनी वारं फिरत होतं. फ्लॅटमध्ये पडवी उरली नाही, पण तिचं काम कुठं गेलेलं नाही. ते दारामागच्या तीन फूट भिंतीवर येऊन पडलं आणि आपण ते एका बंद खोक्याकडे सोपवलं.

या बंद खोक्याचा नमुना आला कुठून, हेही पाहायला हवं. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात घराच्या मागच्या किंवा बाजूच्या दाराशी ‘मडरूम’ नावाची छोटी खोली असते. बर्फाचे बूट, जाड कोट, मुलांची दप्तरं तिथं उतरवतात. भिंतीला लागून पांढऱ्या रंगाची कप्प्यांची रांग, खाली बसायचा बाक, बाकाखाली कप्पे अशी तिची ठरलेली मांडणी. तिची सुंदर छायाचित्रं पाहून आपल्याकडेही अनेक जण सुताराला तसंच करायला सांगतात. पण तिथल्या हिवाळ्याचं गणित वेगळं आहे. शून्याखाली पाच अंश तापमानाच्या हवेत एका घनमीटरला साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त वाफ मावतच नाही. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची धारणक्षमता १८ ग्रॅमच्या वर जाते. म्हणजे ती वीस टक्क्यांहूनही कमी आर्द्रतेची होते. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ मिसळून आकडा थोडा वाढतो, तरी हवा कोरडीच राहते. अशा घरात संध्याकाळी काढलेला ओला बूट सकाळपर्यंत वाळू शकतो, कप्पा अर्धा बंद असला तरीही. मुंबई-रत्नागिरीच्या जुलैत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तिथं तोच कप्पा तोच बूट वाळवू शकत नाही. त्यामुळे चित्रातली मांडणी घ्यायला हरकत नाही, पण तिचं बंदपण जसंच्या तसं उचलता येत नाही.

लाकूड पाणी कुठून पितं

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीत उभ्या रचलेल्या अतिसूक्ष्म नळ्या. जिवंत झाडात त्या पाणी वर नेतात. कापल्यावर, रंधल्यावर, फळी झाल्यावरही त्यांची रचना तशीच राहते. कोथिंबिरीची जुडी देठांकडून पाण्यात उभी केली तर ती टवटवीत राहते, कारण पाणी देठांच्या कापलेल्या तोंडांतून वर चढतं. लाकडाचंही तसंच आहे. फळीच्या सपाट अंगावर पाणी पडलं तर ते नळ्यांच्या भिंतींवर पडतं आणि सावकाश मुरतं. फळीच्या कापलेल्या टोकाला पाणी लागलं तर नळ्यांची तोंडंच उघडी असल्यानं ते कित्येक पटींनी वेगात आत जातं. हे पाहायला प्लायवूडचा एखादा तुकडा पुरेसा आहे. कापलेली कड जवळून पाहिली तर एकावर एक पातळ थर दिसतात, एक गडद, एक फिका. त्यातल्या एकाआड एक थरात नळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली असतात. मधल्या थरांत कुठं कुठं नख जाईल एवढी फटही असते. तुकड्याच्या अंगावर एक थेंब टाका आणि कडेवर एक थेंब टाका. अंगावरचा थेंब बराच वेळ तसाच बसून राहतो. कडेवरचा पाहता पाहता नाहीसा होतो आणि मागे काळपट डाग राहतो.

आत गेलेलं पाणी नळ्यांच्या भिंतींत शिरतं आणि भिंती जाड होतात. यालाच आपण लाकूड फुगणं म्हणतो. यासाठी पाणी प्रत्यक्ष लागायलाच हवं असंही नाही, हवेतली वाफ पुरते. आसपासची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण नऊ टक्के पाणी धरून ठेवतं; ८० टक्क्यांना हा आकडा १६ च्या आसपास जातो आणि ९० टक्क्यांना वीसच्या. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तो सहापर्यंत खाली येऊ शकतो. लांबीच्या दिशेनं लाकूड जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. सागवान तुलनेनं स्थिर मानलं जातं, तरीही एक फूट रुंदीची अखंड फळी सहा टक्क्यांवरून सोळावर गेली तर तिची रुंदी सुमारे पाच मिलिमीटरनं वाढू शकते. उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेलं सागवानी दार श्रावणात अडकतं ते यामुळेच. सुतार कोरड्या दिवसांत काम करत असेल तर त्यानं दाराभोवती तीन-चार मिलिमीटर फट सोडली पाहिजे. ती फट पाहून काम सैल झालं अशी तक्रार करू नये.

प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक थर शेजारच्याला रुंदीत पसरू देत नाही. म्हणून प्लायवूडची फळी लांबी-रुंदीत फारशी हलत नाही. जाडीत मात्र तिला अडवणारं कुणी नसतं, आणि कडेनं पाणी प्यायली की ती तिथंच जाड होते. सनमायका कडेनं का उचलला जातो, याचं उत्तर इथं आहे.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कशाबद्दल आहे

दुकानात प्लायवूडच्या तीन प्रती सांगितल्या जातात: एमआर, बीडब्ल्यूआर आणि बीडब्ल्यूपी. पहिल्या दोन सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडच्या आयएस ३०३ या भारतीय मानकातल्या, तर तिसरी, मरीन म्हणून ओळखली जाणारी, आयएस ७१० या मानकातली. तिन्हींत मुख्य फरक थरांमधल्या गोंदाचा आहे. एमआरमध्ये युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, तो दमट हवा सोसतो पण साचलेलं पाणी सोसत नाही. वरच्या प्रतींत फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. मरीन प्लायवूडचा नमुना ७२ तास पाण्यात उकळूनही त्याचे थर सुटू नयेत, अशी अपेक्षा असते. ही कसोटी कडक आहे आणि तिला उतरणारं प्लायवूड या जागेसाठी घ्यावंच. पण ती गोंदाची कसोटी आहे. गोंद टिकला तरी थर लाकडाचेच राहतात. ते पाणी पितात, जाड होतात, त्यांच्यावर बुरशी धरते. दुकानदार खरं बोलत असतो आणि तरी कपाट फुगतं, ते असं.

एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं दुखणं याहून मोठं आहे. तिथं लाकडाचा भुगा किंवा तंतू प्रचंड दाबाखाली दाबून फळी केलेली असते. पाणी लागलं की दाबलेले तंतू मोकळे होतात आणि वाळल्यावर पुन्हा दबून बसत नाहीत. प्लायवूडची ओली कड वाळल्यावर बरीचशी मूळ जाडीवर येते. एमडीएफची फुगलेली कड कायमची फुगलेली राहते. एमडीएफवर रंग सुरेख बसतो हे खरं आहे. कपाटाच्या वरच्या भागात, जमिनीपासून दूर ते वापरता येईल. जमिनीजवळ वापरू नये.

रोजची फरशी आणि तळाची कड

मराठी घरांत फरशी रोज पुसली जाते आणि ही सवय मोडायची काहीच गरज नाही. पण दाराजवळच्या कपाटाच्या तळाला रोज ओलं फडकं घासून जातं, वर्षातून तीनशेहून जास्त वेळा. कपाटाच्या बाजूच्या उभ्या फळ्या जमिनीला टेकलेल्या असतील तर त्यांची कापलेली टोकं नेमकी त्या पाण्यावर उभी असतात. पुसलेलं पाणी फरशीवरून मिनिटाभरात उडून जातं, पण फळीखाली अडकलेला पातळ थर उडू शकत नाही. नळ्या तो वर ओढून घेतात. पावसाळ्यात यात छत्रीचं ठिबकणारं पाणी आणि बुटांबरोबर आलेला चिखल यांची भर पडते. कपाटाचा तळ आधी जातो, याला पावसाइतकीच ही रोजची पुसणी कारण असते.

यावर सर्वांत चांगला उपाय रंगाचा नाही, रचनेचा आहे. कपाट जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर उचलावं. पाय स्टीलचे, पीव्हीसीचे किंवा दगडाचे असावेत, लाकडाचे नसावेत. खालून पोछा सहज फिरला पाहिजे. त्याहूनही बरं म्हणजे सगळ्यात खालचा खण कडप्प्याचाच करावा. स्वयंपाकघरातल्या मांडणीसाठी आपल्याकडे कडप्प्याच्या फरश्या पिढ्यानपिढ्या वापरल्या गेल्या, कारण त्या भिजल्या तरी फुगत नाहीत, कुजत नाहीत आणि ओल्या फडक्यानं स्वच्छ होतात. तीन फूट बाय एक फूट, वीस मिलिमीटर जाडीची फरशी सुमारे चौदा किलोची होते. म्हणून तिला भिंतीत किंवा लोखंडी चौकटीवर आधार लागतो. दोन उभ्या कडप्प्यांवर एक आडवा, अशी सोय गवंडी तासाभरात करतो. ओले बूट त्यावर, आणि लाकडाचं काम त्याच्या वर सुरू.

जमिनीपासून उचलण्याचा आणखी एक फायदा आहे. वाळवी जमिनीतून किंवा भिंतीतून मातीच्या बारीक बोगद्यानं वर चढते. कपाट जमिनीला टेकलेलं असेल तर हा बोगदा मागच्या मागे तयार होतो आणि कळतं तेव्हा फळी पोखरलेली असते. खाली मोकळी जागा असेल तर पायावर चढलेली मातीची रेघ झाडताना दिसते. याच कारणानं कपाटाची पाठही भिंतीला चिकटवू नये, दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवावं. नैर्ऋत्येकडचा पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंती पावसाळ्यात आतूनही दमट होतात. अशा भिंतीला टेकलेलं पातळ बॅक प्लाय ती ओल थेट ओढून घेतं.

बंद कपाटात किती पाणी मावतं

आता आतल्या हवेकडे वळू. समजा कपाट ९० सेंटिमीटर रुंद, ३५ सेंटिमीटर खोल आणि १०५ सेंटिमीटर उंच आहे. आतली जागा झाली सुमारे ३३० लिटर, म्हणजे एक तृतीयांश घनमीटर. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सत्तावीस ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली तेवीस ग्रॅम आधीच भरलेली असते. उरली चार ग्रॅमची जागा, आणि आपल्या कपाटापुरती दीड ग्रॅमच्या आत. छोटा चमचा पाच ग्रॅम पाण्याचा असतो; म्हणजे पाव चमच्याहून थोडंसं जास्त पाणी वाफ झालं की बंद कपाटातली हवा काठोकाठ भरली. भिजलेल्या कापडी बुटाच्या एका जोडात यापेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं. मग ते जाणार कुठं? काही बुटातच राहतं, आणि बरंचसं कपाटाच्या आतल्या रंग न लावलेल्या प्लायवूडमध्ये शिरतं. दार बंद करून आपण बूट वाळवत नसतो, कपाट भिजवत असतो.

बुरशीला याहून बरी जागा मिळणार नाही. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सतत राहिली की तिची वाढ सुरू होते. खायला चामडं, धूळ, लाकूड आणि पायांचा घाम आहेच. तो कुबट वास बुरशीचाच असतो. सुवासिक गोळ्या टाकून वास दबतो, बुरशी तिथंच राहते. सिलिका जेलच्या पुड्यांबद्दलही असंच म्हणावं लागेल. शंभर ग्रॅम सिलिका जेल जेमतेम पस्तीसेक ग्रॅम पाणी धरतं. दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात ते लवकरच भरतं आणि तापवून वाळवल्याशिवाय पुन्हा उपयोगी पडत नाही. कॅमेऱ्याच्या घट्ट डब्यात ते काम करतं, चपलांच्या कपाटात नाही.

म्हणून या कपाटाला वारं हवं. दारं पट्ट्यांची, जाळीची किंवा लूव्हरची असावीत. सपाट दारंच हवी असतील तर खाली आणि वर दोन्हीकडे बोटभर रुंदीच्या सलग फटी ठेवाव्यात. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, पण पाणी उडताना ती थंड होऊन जडही होते. त्यामुळे ती वर जाईल की खाली याचा भरवसा नाही आणि दोन्ही वाटा मोकळ्या लागतात. आतल्या फळ्या पाठीपर्यंत नेऊ नयेत, मागे दोन सेंटिमीटर जागा सोडली की हवेला तळापासून माथ्यापर्यंत रस्ता मिळतो.

इथं एक रास्त शंका निघते. बाहेरचीच हवा ८५ टक्के दमट असेल तर फटी ठेवून मिळवलं काय? मिळतं ते असं: बंद कपाटातली आर्द्रता शंभरावर जाऊन थांबते, हवेशीर कपाटातली ८५ च्या आसपास राहते. हा फरक बुरशीच्या वेगात चांगलाच जाणवतो, कारण ८५ टक्क्यांच्या हवेतही पाणी उडत राहतं, फक्त सावकाश, आणि वारं चालू असेल तर बरंच लवकर. पण फटींनी सगळं भागत नाही, हेही मान्य करायला हवं. म्हणून कपाटाचे सरळ दोन भाग करावेत. एक ओला भाग: दारं नसलेला, खाली कडप्पा, वर हुक, छत्रीखाली पाणी धरणारं ताट. दुसरा कोरडा भाग: दारांचा, फटींचा. बाहेरून आलेली ओली वस्तू रात्रभर ओल्या भागात पंख्याच्या झोतात राहील आणि हाताला कोरडी लागल्यावरच दुसरीकडे जाईल. हवा तापवली तरी फरक पडतो: २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा ३२ अंशांवर नेली की तीच ६८ टक्क्यांची होते. पूर्वी कपाटात मिणमिणता बल्ब लावून ठेवायचे त्यामागे हेच होतं. रेनकोटाच्या प्लास्टिकशेजारी तापलेला बल्ब मात्र धोक्याचा आहे, तिथं पंखाच बरा.

पसारा दिसेल, हा उघड्या भागावरचा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे. पण दिसणारी जागा म्हणजे फक्त आजच्या वापरातल्या तीन-चार जोडांची आणि दोन छत्र्यांची. बाकी सगळं दारांमागे जातं. आणि हे सगळं घराबाहेर, मजल्याच्या सामायिक मार्गिकेत ठेवून प्रश्न सोडवायचा विचार करू नये. आग लागली तर तीच पळायची वाट असते.

<b>चौकट: सुताराला सांगायची मापं</b>
मोठ्या माणसाच्या जोडासाठी आतली खोली ३३ ते ३५ सेंटिमीटर आणि रुंदी २० ते २२ सेंटिमीटर धरावी. चपलांच्या खणाला १५ सेंटिमीटर उंची पुरते, बुटांना १८ ते २० लागते, गमबुटांसाठी एक खण ४० सेंटिमीटरचा ठेवावा. लांब दांड्याच्या छत्रीला ९५ सेंटिमीटर, टांगलेल्या रेनकोटाला १२० सेंटिमीटर उंची द्यावी. हेल्मेटला ३० सेंटिमीटर उंच, ३५ सेंटिमीटर खोल आणि शक्यतो उघडा खण, कारण त्याचं अस्तरही घामानं ओलं असतं. बूट घालायला बसायचा बाक ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच असावा आणि त्याची फळी १८ मिलिमीटर जाडीची. बारा मिलिमीटर फळीच्या जागी अठराची घेतली तर ताठपणा सव्वातीन पटींहून जास्त वाढतो, म्हणून इथं काटकसर करू नये.

रंग काय करतो

रंगाचा थर पाण्याला अडवतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो पाण्याला उशीर करतो. वाळलेल्या एनॅमलचा एक हात मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा पातळ असतो आणि वाफ त्यातूनही हळूहळू जाते. हा उशीर पुष्कळ उपयोगाचा आहे, कारण पावसाचा एखादा ओला आठवडा त्यात निघून जातो आणि लाकूड फुगण्याआधी हवा सुधारते. पण हा उशीर फळीच्या सगळ्या बाजूंना सारखा मिळाला तरच. बाहेरून सनमायका किंवा तीन हात रंग आणि आतून कोरं प्लायवूड अशी फळी एकाच बाजूनं पाणी पिते. ती बाजू पसरते आणि दार बाहेर किंवा आत वाकतं. बिजागरी कितीही कसली तरी असं दार बसत नाही. म्हणून नियम साधा आहे: फळीला सहा बाजू असतात, सहाही बाजूंना संरक्षण द्यायचं. आतल्या बाजूला रंगसंगती नको, पण प्रायमरचे दोन हात आणि एनॅमलचा एक हात हवाच. सनमायका लावायचा असेल तर आतूनही लायनर (पातळ लॅमिनेट) लावावा.

इथंच कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे सुतार कपाट जोडून, ठोकून, उभं करून जातो आणि मग रंगारी येतो. तोवर तळाच्या कडा जमिनीकडे, पाठ भिंतीकडे आणि फळ्यांची टोकं एकमेकांच्या आत गेलेली असतात. ब्रश पोचतो तो फक्त दिसणाऱ्या भागापर्यंत, म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत कमी गरज आहे त्या भागापर्यंत. हा क्रम उलटा करावा. फळ्या कापून, भोकं पाडून, एकदा कोरडं जुळवून पाहावं. मग सगळं सुटं करून प्रत्येक फळीच्या चारही कडांना प्रायमर पाजावा. पहिला हात थोडा पातळ, कारण तो नळ्यांत शिरला पाहिजे. कड तो लगेच पिऊन कोरडी दिसते. म्हणून दुसरा हात, आणि तरी चकाकी दिसत नसेल तर तिसरा. बिजागरीच्या खाचा आणि स्क्रूची भोकंही यातून सुटू नयेत. मग जोडणी, मग लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरून १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासणं, आणि मग रंग. ही लांबीही लाकडासाठीचीच हवी. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी फळीवर भरली तर फळी हलते, पुट्टी हलत नाही, आणि भेगा पडतात.

या जास्तीच्या कामाचा खर्च किती, हा प्रश्न सुतार आणि घरमालक दोघंही विचारतील. न दिसणाऱ्या बाजूंचं क्षेत्रफळ अशा कपाटात तीन-चार चौरस मीटर भरतं आणि एक लिटर प्रायमर एका हाताला साधारण दहा चौरस मीटर पुरतो. म्हणजे दोन हातांना लिटरभराच्याही आत. खरा खर्च वेळेचा आहे: रंगाऱ्याला एकाऐवजी दोनदा यावं लागतं, मध्ये एक-दोन दिवस थांबावं लागतं. कपाटाचं आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त खर्च मला दिसत नाही.

पावसाळ्यात रंग का बिघडतो

साधा तैलरंग, म्हणजे एनॅमल, दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं आणि मग त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. ऑक्सिजन वरूनच मिळत असल्यानं थर जाड झाला तर वर साय धरते, आत मऊ राहतं आणि पुढे सुरकुत्या पडतात. म्हणून दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले, मध्ये पुरा एक दिवस आणि ३२० नंबरच्या पेपरचा हलका हात. ड्युकोसारख्या फवाऱ्याच्या रंगांत पातळक झपाट्यानं उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत हवेचा दवबिंदू, म्हणजे जिथं दव धरायला लागतं ते तापमान, पंचवीस अंशांच्या किंचित वर असतं. पृष्ठभाग तीन अंशांनी थंड झाला की त्यावर न दिसणारं दव बसतं आणि चमकदार रंगावर दुधी झाक येते. हिवाळ्याच्या कोरड्या दुपारी दवबिंदू पंधरा-सतरापर्यंत खाली गेलेला असतो, तेव्हा हा धोका उरत नाही. दोन भाग मिसळून लावायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात हवेतली वाफ रसायनाशीच भिडते, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बारीक बुडबुडे उठतात. रंगाऱ्याच्या हातात दोष नसताना काम बिघडतं ते असं. कोकण आणि मुंबईकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस या कामाला उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे टाळावा, कारण तिथं रंग ब्रशखालीच सुकतो आणि ब्रशच्या रेघा उमटून राहतात.

जुनं सागवानी दार किंवा वाड्यातलं लाकूड वापरून हे कपाट करणारेही पुष्कळ आहेत, आणि जुनं, मुरलेलं सागवान यासाठी खरोखर उत्तम. पण त्यावरचा जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. पेपर ओला करून घासावा, मुलांना लांब ठेवावं, भुकटी ओल्या फडक्यानं टिपून घ्यावी.

मग प्लास्टिकचंच का नको?

डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसीच्या फळ्या पाण्यानं फुगत नाहीत, वाळवी लागत नाही. मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. तळासाठी, बाजूच्या खालच्या फळ्यांसाठी त्या खरंच योग्य आहेत. पण त्यांत स्क्रूची पकड लाकडाइतकी चांगली नसते, वारंवार उघडणाऱ्या दाराची बिजागरी काही वर्षांत सैल होते आणि लांब फळी वजनानं हळूहळू वाकते. शिवाय कपाटाची फळी फुगली नाही म्हणून आतला बूट वाळत नाही. बंद प्लास्टिकच्या खोक्यात पाणी पिणारी फळीही नसते, तेव्हा सगळी ओल बुटावरच राहते आणि बुरशी चामड्यावर अधिक जोमानं धरते. फळी कुठलीही निवडली तरी फटी, पाय आणि ओला-कोरडा भाग हे सगळं लागतंच.

समुद्राजवळच्या गावांत लोखंडी स्क्रू आणि साध्या बिजागऱ्या टाळाव्यात. हवेतून येणारं मीठ फळीवर आणि धातूवर बसतं आणि आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून पाघळतं. गंज त्या पाण्यात सुरू होतो आणि स्क्रूभोवती तांबूस डाग उमटतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू थोडे महाग पडतात, पण इथं तेच वापरावेत. पुढे कधी नवा हुक लावायची वेळ आली तर भोक पाडल्यावर काडीनं त्यात प्रायमर सोडावा, तो वाळू द्यावा आणि मगच स्क्रू पिळावा. पावसाळा संपला की ऑक्टोबरात सगळे खण रिकामे करून तळाच्या कडांवरून एकदा बोट फिरवावं. जिथं खरखरीत किंवा उंच लागेल तिथली फळी आठवडाभर वाळू देऊन, घासून, प्रायमर आणि रंगाचा एक हात त्याच महिन्यात द्यावा.